वाचकांचे प्रश्न : 'इफ'च्या पुढं नेमकं काय लिहायचं?

मागच्या अंकात पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या 'इफ'बद्दल, म्हणजे 'जर असं असेल तर' विचारणाऱ्या शब्दाबद्दल, थोडंसंच लिहिलं होतं, आणि पत्रं अन् व्हॉट्सॲपवरचे मेसेज सगळ्यात जास्त त्याच्यावरच आले, दिग्रस, चिखली, काटोल, आर्वी, कुठून कुठून. वाचता वाचता ध्यानात आलं की पोरांना इफ समजलाय, पण इफच्या पुढं जी तुलना लिहायची असते तिथं बैल अडतोय. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच एका गोष्टीचे घेतले. एक आधीच सांगतो, आपलं मासिक नागरीत छापतं म्हणून कोडमधले इफ, एल्स, अँड, ऑर, नॉट, ट्रू, फॉल्स, प्रिंट, इन, इन्ट असे पायथनचे शब्द इथं आपल्या अक्षरांत आहेत, कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. ओलावा, पीक अशी आपण ठेवलेली नावं मात्र पायथन 3 मध्ये मराठीत ठेवली तरी चालतात, खरंच चालतात, करून पाहा.

प्रश्न : सर, मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव दिग्रस तालुक्यात. प्रॅक्टिकलच्या वहीत आम्हाले 'इफ लाईन_आहे == ट्रू:' असं लिहून देल्लं आहे. पण माह्या मामेभावानं सांगतलं का 'इफ लाईन_आहे:' एवढंच लिहिलं तरी भागते. मी दोन्ही चालवून पाह्यलं, सारखंच येते. मंग खरं कोणाचं? अन् वहीत काय लिहू, मार्क तर नाही कापणार?

उत्तर : मामेभावाचं खरं आहे पोरी. पण का खरं आहे ते समजून घे, कारण बाकीच्या पत्रांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

घरी आजी विचारते, "लाईन आली काय वं?" तू म्हणतेस, "हाव." आता आजी त्यावर परत "तू हाव म्हणतलं ते हाव बरोबर आहे काय?" असं विचारत नाही, ती सरळ मोटारचं बटन दाबायला पाठवते. लाईन_आहे या नावात आधीपासून हो किंवा नाही, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, ठेवलेलं आहे. इफला तेवढंच लागतं. == म्हणजे 'सारखं आहे काय', तेव्हा तू '== ट्रू' लावलंस की कॉम्प्युटर ट्रू आणि ट्रू सारखे आहेत काय हे तपासतो आणि उत्तर काय देतो, तर ट्रू. जिथून निघालो तिथंच परत आलो.

आता एक काम कर, इफ बाजूला ठेव आणि नुसतं हे लिहून चालव:

प्रिंट(10 <= 12)

स्क्रीनवर ट्रू येईल, कारण 10 हे 12 किंवा त्याहून कमी आहे. इफ नाही, काही नाही, तरी उत्तर आलं. माझ्या मते पहिल्याच आठवड्यात पोरांना हे दाखवायला पाहिजे आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. तुलना ही इफची शेपूट नाही, 4 + 3 चं उत्तर जसं 7 येतं तसं 10 <= 12 चं उत्तर ट्रू येतं, आणि ते उत्तर नाव देऊन ठेवताही येतं. सोयाबीन हमीभावात द्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांपर्यंत लागतो हे तुमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते, ते असं लिही:

मर्यादा = 12
वाळलेलं = ओलावा <= मर्यादा
इफ वाळलेलं:
    प्रिंट("पोतं काट्यावर घ्या")

वाचताना कसं सरळ वाचलं जातं बघ, "जर वाळलेलं, तर पोतं काट्यावर घ्या". आणि 12 हा आकडा मी मुद्दाम वर वेगळा ठेवला, कारण 2024-25 च्या खरेदीत केंद्रानं हीच हद्द 15 टक्क्यांपर्यंत वाढवून दिली होती, असं झालं की एकाच जागी बदल करायचा, सगळा प्रोग्राम उकरत बसायचं नाही.

बरं, "सारखंच तर येते, मंग लिहिलं तर बिघडलं काय" असं तुझ्या मनात असेल. बिघडते. हे चालव:

ओलावा = 10
इफ ओलावा <= 12 == ट्रू:
    प्रिंट("घ्या")

काहीच छापणार नाही! दहा टक्के ओलाव्याचा खणखणीत वाळलेला माल आणि प्रोग्राम त्याला परत पाठवतोय, तेही कोणतीही एरर न दाखवता. कारण पायथनमध्ये तुलना एकामागे एक लावल्या की तो त्यांची साखळी धरतो, म्हणजे त्यानं वाचलं "ओलावा <= 12 अँड 12 == ट्रू", आणि 12 काही ट्रूच्या बरोबर नाही, झालं फॉल्स. ट्रूची किंमत पायथनमध्ये 1 धरतात, म्हणून 1 == ट्रू बरोबर निघतं पण 2 == ट्रू चूक निघतं, आणि तरी नुसतं 'इफ 2:' लिहिलं तर इफ आत शिरतो, कारण शून्य सोडून कोणताही आकडा इफला हो वाटतो. तेव्हा '== ट्रू' लावणं आणि न लावणं दर वेळी एकच नसते, तुझ्या त्या एका उदाहरणात ते जुळून आलं एवढंच.

उलटं विचारायचं असलं, म्हणजे लाईन नसेल तर, तेव्हा '== फॉल्स' नाही, 'इफ नॉट लाईन_आहे:' लिही. अजून एक, तुमच्या वहीत पुढं फंक्शन (नाव देऊन ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे, रिटर्न म्हणजे त्यांनी उत्तर परत देणं) येतील तेव्हा असं दिसेल, की इफ गुण >= 35 तर रिटर्न ट्रू, एल्स रिटर्न फॉल्स, चार ओळी. तिथं 'रिटर्न गुण >= 35' ही एकच ओळ पुरते, ट्रू-फॉल्स तुलनेनं आधीच काढून ठेवलंय, आपण ते फक्त पुढं द्यायचं.

मार्कांचं म्हणशील तर पायथन बनवणाऱ्यांचीच लिहिण्याची पद्धत ठरवणारी एक नियमावली आहे, तिला पेप 8 म्हणतात, तिच्यात ट्रू-फॉल्सला == लावून तपासू नका असं स्पष्ट लिहिलंय. सरांना विचारून घे, नम्रपणे विचार, "सर, असं लिहिलं तर चालेल का" म्हणून. सर नाही म्हणाले तर परीक्षेपुरतं वहीसारखं लिही, पण कंस टाकून लिही, इफ (ओलावा <= 12) == ट्रू, म्हणजे साखळीचा घात होणार नाही. घरी स्वतःसाठी लिहिताना मात्र मामेभावाचं ऐक.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, आर्वीजवळच्या गावचा. नातू कॉम्प्युटर शिकतो म्हणून मी पण शेजारी बसतो. हे 'बूलियन' काय प्रकरण आहे? हा शब्द आला कुठून? नातवाला सांगता आलं पाहिजे.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. बूलियन म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, हो किंवा नाही, एवढंच धरणारा प्रकार, आणि हे नाव एका माणसाच्या नावावरून पडलं. जॉर्ज बूल, जन्म 1815, इंग्लंडातलं लिंकन गाव, बाप जोडे शिवायचा. कॉलेजची डिग्री या माणसानं कधीच घेतली नाही, परवडतच नव्हती, घरी बसून स्वतःच भाषा शिकला, गणित शिकला, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पोटासाठी स्वतःची शाळा काढली. पुढं 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात त्याला गणिताचा प्राध्यापक म्हणून घेतलं, डिग्री नसताना! 1854 साली त्यानं विचारांच्या नियमांवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यात दाखवलं की 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी आपण जो विचार करतो तो बीजगणितासारखा मांडता येतो, 1 म्हणजे सगळं आणि 0 म्हणजे काहीच नाही. 1864 मध्ये भर पावसात भिजत वर्गावर गेला, तशाच ओल्या कपड्यांनी शिकवलं, त्यातून आजारी पडून गेला, वय 49. गुरुजी, तुम्ही शिक्षक म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नातवाला सांगायला अजून एक, बूलची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, तोच एव्हरेस्ट, भारताचा सर्व्हेअर जनरल, ज्याचं नाव डोंगराला दिलं.

पण बूलच्या हयातीत कॉम्प्युटर कुठं होता. ते काम 1937 मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं केलं, त्यानं आपल्या प्रबंधात दाखवलं की विजेच्या रिले, म्हणजे आपल्या मोटारच्या स्टार्टरमध्ये टक्कन आवाज करून चिकटते तशी वस्तू, त्या जोडून बूलचं गणित करता येतं. एकामागे एक दोन बटनं लावली तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, हा झाला अँड. शेजारी-शेजारी लावली तर कोणतंही एक पुरतं, हा ऑर. बटनं अशी जोडून नातवाला दाखवायची असतील तर जोडणी मात्र मेन बंद करूनच करा.

प्रश्न : भाऊ, मी चिखली तालुक्यातून. कृषी केंद्रात कामाले आहे, तिथं एक छोटा प्रोग्राम बनवून राह्यलो. इफ पीक == "सोयाबीन" ऑर "कापूस" असं लिहिलं तर तूर टाकली तरी तेच छापते, गहू टाकला तरी तेच, मी आपलं नाव टाकून पाह्यलं तरी तेच! काहून?

उत्तर : भाऊ, ही चूक जगात सगळीकडे होते कारण आपण बोलतो तसंच ते लिहिलेलं असते. दुकानात तुम्ही विचारता "सोयाबीन काय कापूस?" आणि समोरच्याला कळते की दोन्हीकडे 'तुमचं पीक' धरायचं आहे. कॉम्प्युटर तसं काही धरत नाही. तो ऑरच्या दोन्ही बाजू वेगळ्या करून वाचतो, एका बाजूला पीक == "सोयाबीन", हा पूर्ण प्रश्न झाला, आणि दुसऱ्या बाजूला नुसतं "कापूस", तो प्रश्नच नाही, ती तर एक स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं झाली. आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग इफला हो वाटते. म्हणजे तुम्ही लिहिलं, "पीक सोयाबीन आहे किंवा हो". कधी नाही येणार?

ऑर असो की अँड, दोन्ही बाजूंना अख्खा प्रश्न लागतो:

इफ पीक == "सोयाबीन" ऑर पीक == "कापूस":

आणि पिकं चार-पाच झाली की याच्यापेक्षा यादीत शोधलेलं बरं, इफ पीक इन ("सोयाबीन", "कापूस", "तूर"): असं. मी तर दोनच असली तरी इन वापरतो.

आता याची सख्खी बहीण सांगून ठेवतो, कारण तुम्ही हे दुरुस्त केलं की पुढल्या आठवड्यात ती भेटेलच. अकोला आणि वाशीम सोडून बाकी जिल्ह्यांच्या लोकांना काही सांगायचं आहे, माणूस लिहितो (!= म्हणजे 'सारखं नाही'), इफ जिल्हा != "अकोला" ऑर जिल्हा != "वाशीम". अकोल्याचा गिऱ्हाईक आला तर तो वाशीमचा नाही, म्हणून दुसरी बाजू ट्रू. वाशीमचा आला तर पहिली ट्रू. दोघंही आत! इथं अँड पाहिजे. 'नाही' आत शिरला की ऑरचा अँड होतो आणि अँडचा ऑर होतो, या नियमाला डी मॉर्गनचं नाव आहे, आणि हा ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्या भारतात, मदुराईला जन्मला होता. नियम पाठ करू नका, जमतच असेल तर 'इफ जिल्हा नॉट इन ("अकोला", "वाशीम")' लिहा, ते मराठीत बोलल्यासारखं वाचलं जातं आणि चुकत नाही.

कापसाचं पण तुम्ही विचारलं होतं पत्रात खाली, 8 ते 12 टक्क्यांमधला ओलावा कसा तपासायचा म्हणून, कारण 8 च्या वर भावात कपात आणि 12 च्या वर हमीभावात घेतच नाहीत. पायथनमध्ये सरळ 8 < ओलावा <= 12 लिहा, वर साखळीनं घात केला तीच साखळी इथं कामाला येते. पण ही सवय घेऊन सी भाषेत जाऊ नका, तिथं 8 < ओलावा याचं उत्तर आधी 0 किंवा 1 निघतं आणि मग ते 0 किंवा 1 हे 12 पेक्षा लहान आहे काय असं तपासलं जातं, जे नेहमीच असतं. सी मध्ये दोन तुकडे करून मधात तिथला अँड, म्हणजे && लावायचा.

प्रश्न : दादा, आमचा काटोलजवळ संत्र्याचा बगीचा आहे. मी डिप्लोमाला आहे अन् ठिबकसाठी आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मोटार आपोआप चालू-बंद करायचा प्रोजेक्ट करून राह्यलो. सध्या मोटारच्या जागी टेबलावर एलईडी लावून पाहतो. तीन भानगडी आहेत. एक, विहिरीत पाणी नसलं तरी दिवा लागलेलाच राहते, कोडमध्ये इफ (पाणी = 1) आहे. दोन, माती ओली केली तर दिवा लागते अन् वाळली का बंद होते, म्हणजे उलटं. तीन, मधातच केव्हा केव्हा रिले टकटकटक वाजत राहते. बाबा म्हणतात का हे मोटारीले लावू नको.

उत्तर : बाबांचं बरोबर आहे आणि तुझंही बरोबर आहे, एलईडीवर तपासतोयस म्हणून हे तिन्ही टेबलावरच सापडलं. कोरड्या विहिरीत मोटार चालत राहिली असती तर रिवाइंडिंगचा खर्च आला असता.

पहिलं. एक = म्हणजे 'ठेव', दोन == म्हणजे 'सारखं आहे काय'. शाळेत = चा अर्थ बरोबर असा शिकतो, ते चिन्ह 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्डनं काढलं तेव्हाही त्याचा अर्थ सारखं असाच होता, पण प्रोग्रामिंगच्या बऱ्याच भाषांनी ते चिन्ह किंमत ठेवायला वापरून टाकलं आणि तुलनेला दोन रेघा जास्तीच्या दिल्या. तू इफ (पाणी = 1) लिहिलंस तेव्हा विचारलंच नाहीस, तू तर सांगितलंस, "पाणी 1 ठेव". सेन्सरनं आणलेला 0 पुसला गेला, त्यावर 1 बसला, आणि त्या ठेवण्याची किंमतही 1, म्हणून इफ दर वेळी आत. पायथन असा इफ चालूच करत नाही, लगेच एरर देतो. आर्डुइनोची भाषा सी++ आहे, ती चालवून घेते, म्हणून जास्त सावध राहावं लागतं. आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज नावाचा पर्याय आहे, तो सहसा 'नन'वर असतो, तो 'ऑल' कर, मग अशा जागी तो पिवळ्या-लाल अक्षरांत सांगतो. काही जण 1 == पाणी असं उलटं लिहितात, की चुकून एक = पडला तर एरर यावी. मला विचारशील तर व्हेरिएबल, म्हणजे ज्या नावात किंमत ठेवतो ते, बूल (फक्त ट्रू-फॉल्स धरणाऱ्या) प्रकारची ठेव, नाव पाणी_आहे, आणि नुसतं इफ (पाणी_आहे) लिही. जिथं == च नाही तिथं = पडणार कसा. (आर्डुइनोत नावं इंग्रजी अक्षरांतच ठेव हं, तिथं नागरी नको.)

दुसरं. तुझा कोड नाही चुकला, तुझं गृहीत चुकलं. मातीत खोचायचे हे जे स्वस्त सेन्सर मिळतात त्यात बहुतेकांचा आकडा माती वाळली की वाढतो आणि ओली झाली की कमी होतो. आर्डुइनो उनो या बोर्डावर तो 0 ते 1023 मधला येतो. आपण मनात 'जास्त आकडा म्हणजे जास्त ओल' धरतो आणि < लावतो. म्हणून आधी दोन वेळा मोज, एकदा उन्हात वाळलेल्या मातीत, एकदा भिजवून निथळलेल्या मातीत, तुझ्याच वावरातली माती घे, कागदावर आकडे लिही आणि मग < की > ते ठरव. तसंच रिलेचं. बऱ्याच रिले मॉड्यूल पिनला लो दिलं की चालू होतात, हाय दिलं की बंद, तेही एकदा तपास, नाहीतर दोन उलट्या मिळून सुलट झाल्या की टेबलावर सगळं बरोबर दिसेल आणि एक सेन्सर बदलला की परत उलटं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती कोड बरोबर असतानाही होते. तू एकच हद्द ठेवली आहेस, समजा 500. सेन्सरचा आकडा कधी स्थिर नसतो, 499, 501, 500, 502 असा हलत राहतो, आणि प्रत्येक हलण्याला तुलनेचं उत्तर बदलतं, ट्रू फॉल्स ट्रू फॉल्स, तीच टकटक. तुलना खोटं बोलत नाहीये, तिला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे. मोटार चालू कधी करायची हा एक प्रश्न आणि बंद कधी करायची हा दुसरा, त्यांची हद्द एकच नाही ठेवायची:

इफ (वाचन > 600) मोटार_हवी = ट्रू;
एल्स इफ (वाचन < 450) मोटार_हवी = फॉल्स;

इफ (मोटार_हवी && पाणी_आहे) रिले चालू, नाहीतर बंद.

600 आणि 450 हे मी नुसते उदाहरणाला घेतले, तुझे आकडे तुझ्या मोजणीतून येतील. 450 ते 600 च्या मधात दोन्ही तुलना फॉल्स, म्हणजे मोटार_हवी जसं होतं तसंच राहतं, चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. घरच्या फ्रिजमध्येही असंच असतं, म्हणून तो मिनिटाला दहा वेळा चालू-बंद होत नाही. एकच लक्षात ठेव, मोटार_हवी ही व्हेरिएबल लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर, वर घोषित कर, आत केलीस तर प्रत्येक फेरीत ती विसरेल आणि मग मधल्या भागात काय होतं ते सांगता येणार नाही. आणि पाणी_आहे ची अट वरच्या दोन ओळींत मिसळू नको, शेवटी वेगळीच ठेव, पाणी संपलं की ओल कितीही कमी असो, मोटार थांबलीच पाहिजे.

थ्री फेजची मोटार त्या पाच व्होल्टच्या रिलेला कधीच जोडू नको, रिलेनं फक्त स्टार्टरच्या कॉइलला सांगायचं, आणि ती जोडणी गावातल्या जाणत्या वायरमनकडून बाबांच्या समोर करून घे.

प्रश्न : भद्रावतीवरून विचारतो. गुणांवरून श्रेणी काढायचा प्रोग्राम केला, 90 टाकले तरी 'पास' च येते, डिस्टिंक्शन येतच नाही. अन् 35 टाकले तर नापास!

उत्तर : तू सगळ्यात वर 'इफ गुण > 35' ठेवलंय आणि खाली एलिफ, म्हणजे 'नाहीतर जर'. 90 पण 35 पेक्षा जास्तच आहे ना, पहिल्याच दारात त्याला हो मिळालं, पुढचे एलिफ कोणी पाहतच नाही. मोठ्या आकड्यापासून खाली ये, >= 75 डिस्टिंक्शन, एलिफ >= 60 प्रथम, एलिफ >= 45 द्वितीय, एलिफ >= 35 पास, एल्स नापास. वरून आलास की 'गुण >= 60 अँड गुण < 75' असं दोन्ही बाजूंनी बांधायचीही गरज नाही, 75 वाले आधीच निघून गेलेत. आणि 35 ला नापास > मुळे झालं, >= पाहिजे. 18 वर्षं पूर्ण झालेला मत देऊ शकतो (1989 च्या आधी 21 लागत होते), तिथं कोणी > 18 लिहिलं तर वर्षभराची पोरं यादीतून गळतील. कोणतीही तुलना लिहिली की नेमका हद्दीवरचा आकडा टाकून पाहायचा, 34, 35, 36, तीनही.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. पोरांसाठी मराठीत प्रश्नमंजुषा बनवली. "विदर्भात जिल्हे किती?" याला पोरं 11 टाइप करतात तरी प्रोग्राम चूक म्हणतो. काही पोरं मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ११ टाकतात. आणि "पुढचा प्रश्न घ्यायचा का?" याला मी == "हो" लावलंय, पण पोरं हाव लिहितात, होय लिहितात. त्यांना चूक म्हणावंसं वाटत नाही.

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. चूक म्हणूच नका, हाव हे बरोबर उत्तर आहे, प्रोग्रामनं ते शिकून घ्यायचं.

इफ उत्तर.स्ट्रिप() इन ("हो", "होय", "हाव", "व्हय", "हा"):

स्ट्रिप लावलं कारण पोरं शब्दानंतर स्पेस देतात आणि "हाव" आणि स्पेस लागलेला "हाव" कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटतात, आपल्याला डोळ्यांनी दिसतही नाही. एक जण म्हणेल की उत्तराला बूल() लावा म्हणजे ट्रू-फॉल्स होईल, तसं करू नका, बूल("नाही") पण ट्रूच येतं, रिकामं नाही ना ते.

आकड्याचं असं आहे की इनपुटमधून जे येतं ते आकडा नसतं, अक्षरं असतात. "11" ही अक्षरं आणि 11 हा आकडा, यांना == लावलं तर पायथन गुपचूप फॉल्स देतो, एरर पण नाही. तेच < लावलं असतं तर त्यानं ओरडून सांगितलं असतं. आणि दोन्हीकडे अक्षरंच ठेवून < लावलं तर अजून फसगत, "9" < "12" हे फॉल्स येतं, कारण तो शब्दकोशासारखं पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी लावतो आणि 9 हे 1 च्या नंतर येतं. म्हणून आकडा तपासायचा तर आधी इन्ट() मधून काढा. आणि इथं एक छान गोष्ट आहे, पायथनचा इन्ट() देवनागरी आकडे ओळखतो! इन्ट("११") चं उत्तर 11 च येतं. कोडमध्ये तुम्ही स्वतः ११ लिहिलं तर चालत नाही, पण पोरानं टाइप केलेलं चालतं. तुम्ही == "11" लावत बसला असता तर मराठी कीबोर्डवाली सगळी पोरं चुकीची ठरली असती.

फक्त कोणी इन्ट() ला "माहीत नाही" असं दिलं तर प्रोग्राम बंद पडतो. त्यासाठी अँडचा क्रम कामी येतो, अँड डावीकडून पाहतो आणि डावीकडे फॉल्स मिळालं की उजवीकडे जातच नाही, लाईन नाही म्हटल्यावर विहिरीवर कोण जातं. म्हणून:

उत्तर = उत्तर.स्ट्रिप()
इफ उत्तर.इझडेसिमल() अँड इन्ट(उत्तर) == 11:

आधी सगळी अक्षरं आकड्यांची आहेत काय ते पाहा, असतील तरच इन्ट करा. हे उलटं लिहू नका.

आणि ताई, तुमच्या वर्गात एखादं पोर "अकरा" असं अक्षरी लिहिणार, नक्की लिहिणार, कारण प्रश्न मराठीत विचारलाय. तेही बरोबरच आहे, त्याच्यासाठी एवढं जोडा:

इफ उत्तर == "अकरा" ऑर (उत्तर.इझडेसिमल() अँड इन्ट(उत्तर) == 11):
    प्रिंट("शाब्बास")